विद्यापीठ कोणाचे? : प्राध्यापक आणि प्राचार्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव उच्चारताच महाडचे चवदार तळे, भारताचे संविधान आणि नागपूरची दीक्षाभूमी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. जयंतीच्या मिरवणुकीत आणि महापरिनिर्वाणदिनाच्या अभिवादनसभेत त्यांच्या जीवनाचे हेच टप्पे सांगितले जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु या महामानवाने आयुष्याची कित्येक वर्षे वर्गात शिकवण्यात, महाविद्यालय चालवण्यात आणि विद्यापीठाचा कारभार कसा असावा याचा विचार करण्यात घालवली, हे त्या मानाने फार कमी सांगितले जाते. आपल्या वसतिगृहाच्या या स्मरणिकेत आम्ही त्यांच्या जीवनाची हीच बाजू मांडणार आहोत. याचे कारण उघड आहे. येथून बाहेर पडलेली आपली मुले-मुली जालन्यातील किंवा विद्यापीठाच्या शहरातील महाविद्यालयांत जातात, आणि तेथे त्यांच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. अडचणीच्या वेळी आपल्याला सल्ला देणारे कोण आहे, हा पहिला. आणि आपल्या शिक्षणाविषयीचे निर्णय जेथे होतात तेथे आपले कोण बसले आहे, हा दुसरा. बाबासाहेबांच्या शैक्षणिक जीवनाकडे पाहिले असता, त्यांनी हे दोन प्रश्न कधीच वेगळे मानले नाहीत, असे आम्हांस दिसते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे, ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. त्याहून थोडी निराळी अशी एक गोष्ट मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात घडली. त्यांना संस्कृत शिकायचे होते. पण अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवण्यास शिक्षकाने नकार दिला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. विषयाची आवड होती, बुद्धी होती, शाळेत प्रवेशही मिळालेला होता. तरीही काय शिकायचे हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती होता. दरवाजा उघडा असणे आणि आत गेल्यावर समान वागणूक मिळणे, या दोन गोष्टी एक नाहीत, हा धडा त्यांना शालेय वयातच मिळाला. पुढे संस्कृतचे ज्ञान त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने मिळवले, हे येथे नमूद केले पाहिजे.

या उलट अनुभवही त्यांना लवकरच आला. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाचे लक्ष गेले. ते दुसऱ्या शाळेतले. या मुलाची कोणतीही जबाबदारी त्यांच्यावर नव्हती. तरी त्यांनी विचारपूस केली, पुस्तके दिली, आणि १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा झालेल्या सत्कारसभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. पुढील शिक्षणासाठी पैशाची अडचण उभी राहिली, तेव्हा केळुसकरांनीच त्यांची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्याशी भेट घडवून आणली आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राध्यापक म्यूलर यांनी पुस्तके आणि कपडे देऊन त्यांना आधार दिला. एका शिक्षकाने एक वाट अडवली आणि दुसऱ्या शिक्षकांनी अनेक वाटा मोकळ्या केल्या. विद्यार्थ्याचे भवितव्य असे एखाद्या शिक्षकाच्या मर्जीवर अवलंबून असावे काय, हा प्रश्न मात्र त्यातून शिल्लक राहतो, आणि बाबासाहेबांच्या पुढील कार्यात तो वारंवार डोकावतो.

१९१३ साली ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना संस्कृतची शाळेतली आठवण पुसून टाकणारा अनुभव आला. कोणता विषय घ्यावा, कोणत्या प्राध्यापकाच्या व्याख्यानास बसावे, यावर जातीचे बंधन नव्हते. अर्थशास्त्राबरोबरच इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र यांचे इतके अभ्यासक्रम त्यांनी घेतले की पदवीच्या गरजेशी त्याचा मेळ बसत नाही. एडविन सेलिग्मन आणि जॉन ड्युई यांच्यासारखे प्राध्यापक त्यांना लाभले. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जाताना सेलिग्मन यांचे परिचयपत्र त्यांच्याजवळ होते. शिष्य आपले विद्यापीठ सोडून दुसरीकडे जात असताना त्याच्यासाठी दार ठोठावणे हेही गुरूचे काम आहे, हे त्या प्राध्यापकाने दाखवून दिले.

लंडनमध्ये एडविन कॅनन हे त्यांचे मार्गदर्शक होते. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा कॅनन यांनी त्यास प्रस्तावना लिहिली. शिष्याच्या काही निष्कर्षांशी आपले मतभेद आहेत, हे त्यांनी त्या प्रस्तावनेतच स्पष्टपणे नोंदवले आणि तरीही विचाराच्या ताजेपणाबद्दल त्याचा गौरव केला. आपल्याशी असहमत असलेल्या विद्यार्थ्याला पाठिंबा देणारा असा गुरू बाबासाहेबांना भेटला. सत्तावीस वर्षांनंतर त्यांनी आपल्या मराठवाड्यात जे महाविद्यालय उभारले त्याच्या नावाचा अर्थ समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दरम्यान ते स्वतः शिक्षक झाले होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा मिळेना; तेथील अपमान सोसून ते मुंबईस आले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. प्रारंभी विद्यार्थ्यांनी या नव्या प्राध्यापकाकडे फारसे लक्ष दिले नाही. थोड्याच दिवसांत चित्र पालटले. त्यांच्या व्याख्यानांची तयारी आणि विषयाची मांडणी अशी होती की इतर महाविद्यालयांचे विद्यार्थीही परवानगी काढून वर्गात येऊन बसू लागले. त्याच महाविद्यालयात काही सहकाऱ्यांनी मात्र प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी स्पर्श करण्यास हरकत घेतली. विद्यार्थ्यांनी स्वीकारलेला शिक्षक सहकाऱ्यांना परका वाटावा, ही त्या काळच्या उच्च शिक्षणाची स्थिती होती. मार्च १९२० मध्ये त्यांनी हे पद सोडले आणि काही बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले.

परत आल्यावर वकिलीबरोबरच त्यांनी शिकवणे चालू ठेवले. जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत. त्यानंतर मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात त्यांनी अर्धवेळ प्राध्यापक म्हणून काम केले. याच वर्षांत विद्यापीठाच्या कारभाराविषयीचे त्यांचे विचार लोकांपुढे आले.

१८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ पुष्कळ वर्षे मुख्यतः परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था होते. शिकवण्याचे काम महाविद्यालये करीत. १९२४ साली मुंबई सरकारने सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ सुधारणा समिती नेमली. तिच्या प्रश्नावलीस बाबासाहेबांनी सविस्तर लेखी उत्तरे दिली. विद्यापीठातील शिक्षण प्रौढांना साजेसे असावे. ते शास्त्रीय आणि निःपक्षपाती असावे. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती कोंबण्यापेक्षा त्याची स्वतंत्र बुद्धी जागी करणे हे त्याचे ध्येय असावे. आणि सत्यापर्यंत पोहोचणे किती कठीण व किती मोलाचे असते, याची जाणीव त्याच्या मनात रुजावी, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. अध्यापन आणि संशोधन यांची फारकत करू नये, पदवीपूर्व आणि पदव्युत्तर शिक्षण यांच्यामध्ये भिंत उभी करू नये, असाही त्यांचा आग्रह होता. ज्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून चांगल्या अभ्यासू प्राध्यापकाचा सहवास मिळतो, तोच पुढे संशोधनाकडे वळतो, हे त्यांनी स्वानुभवाने जाणले होते.

१९२७ साली ते मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य झाले. त्या वर्षी १२ मार्च रोजी शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारपुढे सरकारचेच आकडे ठेवले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात, हे त्यांनी दाखवले. महाविद्यालयीन शिक्षणात तर मागासवर्गाचे प्रमाण जवळजवळ शून्य होते. याच भाषणात त्यांनी एक सूचना केली, आणि ती आपल्या संस्थेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. गरीब कुटुंबाच्या हाती शिष्यवृत्तीचे पैसे पडले की ते घरखर्चात संपतात आणि मुलाचे शिक्षण मध्येच थांबते. म्हणून तोच पैसा वसतिगृहांवर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या आरंभीच सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले होते. वसतिगृह म्हणजे केवळ जेवणाची आणि झोपण्याची सोय नव्हे. अभ्यासाची वेळ पाळली जाते की नाही, कोणता मुलगा मागे पडतो आहे, कोणाचे मन शाळेतून उडाले आहे, हे पाहणारे जाणते माणूस तेथे असते. घरी अक्षरओळख नसलेल्या मुलाला केळुसकरांसारखा शिक्षक योगायोगाने भेटण्याची वाट पाहावी लागू नये, अशी ती व्यवस्था आहे.

त्याच वर्षी विधिमंडळात मुंबई विद्यापीठाचा कायदा सुधारण्याचे विधेयक चर्चेस आले आणि विद्यापीठाच्या अधिसभेवर कोणी बसावे, हा वाद उभा राहिला. नोंदणी झालेल्या पदवीधरांनी प्रतिनिधी निवडावेत, हे तत्त्व दिसायला निर्दोष होते. पण ज्या समाजात पदवीधर बोटांवर मोजण्याइतके, त्या समाजाने कोणाला आणि कसे निवडून द्यावे? बाबासाहेबांनी नेमके या जागी बोट ठेवले आणि मागासवर्गीयांना अधिसभेवर प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे अशी मागणी केली. अधिसभा ही विद्वानांची जागा आहे, तेथे समाजवार विचार कशाला, असा आक्षेप त्या काळीही घेतला जाई. त्यावरील त्यांच्या मांडणीचा रोख असा होता की अभ्यासक्रम आणि अध्यापन यांसारखे विद्याविषयक प्रश्न हाताळण्यासाठी तज्ज्ञांची मंडळे आहेतच. अधिसभेचे काम निराळे आहे. लोकांच्या गरजा काय आहेत हे विद्यापीठाच्या कानी घालणारी ती सभा आहे, आणि ज्याच्या गरजा सर्वांत मोठ्या, त्याचाच तेथे आवाज नसेल तर ती सभा अपुरी ठरते. उच्चतम शिक्षण गरजू आणि गरिबांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत कर्तव्य असून केवळ परीक्षा घेणारे आणि पदव्या वाटणारे विद्यापीठ आपल्या अस्तित्वाचे समर्थन करू शकत नाही, ही त्यांची भूमिका होती. पुढे १९२८ साली मुंबई विद्यापीठाचा नवा कायदा झाला.

वर्गात काय आणि कसे शिकवावे याचा निर्णय विद्येच्या कसोटीवर व्हावा. विद्यापीठ कोणासाठी चालवायचे हा निर्णय मात्र समाजातील सर्व थरांना विचारल्याशिवाय होऊ नये, असा त्यांच्या विचाराचा सारांश आम्ही काढतो. गुणवत्ता आणि प्रतिनिधित्व एकमेकांच्या विरोधात उभी करणाऱ्यांनी हा विचार लक्षात घ्यावा. ज्याने स्वतः दोन खंडांतील विद्यापीठांतून सर्वोच्च पदव्या मिळवल्या, त्यानेच प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला. कारण गुणवत्ता असूनही दाराबाहेर थांबणे म्हणजे काय, हे त्याने भोगले होते.

जून १९३५ मध्ये ते शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. अवघ्या काही दिवसांपूर्वी, २७ मे रोजी, माता रमाईंचे निधन झाले होते. अशा दुःखद प्रसंगी स्वीकारलेली ही जबाबदारी त्यांनी १९३८ पर्यंत सांभाळली. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे त्यांचे विशेष लक्ष असे. विधी शिक्षणात कोणत्या सुधारणा व्हाव्यात, याविषयी त्यांनी महाविद्यालयाच्याच नियतकालिकात लेख लिहिला. केवळ कलमे पाठ करून कायदेपंडित घडत नाही, त्यासाठी व्यापक ज्ञानाची बैठक लागते, अशी त्यांची दृष्टी होती. प्राचार्यपदावर असलेल्या माणसाने शिक्षणाविषयीचे आपले विचार विद्यार्थ्यांच्या हाती पडणाऱ्या नियतकालिकात मांडावेत, हेही आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

दुसऱ्यांच्या संस्थांत जे करता आले नाही, ते करण्यासाठी त्यांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. ते सकाळी भरत असे. याचे कारण साधे होते : नोकरी करून शिकणाऱ्या तरुणांना दिवसा वर्गात येणे शक्य नव्हते. विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या वेळापत्रकात बसावे, अशी अपेक्षा न धरता महाविद्यालयानेच विद्यार्थ्याच्या पोटापाण्याची वेळ ओळखली. विद्यार्थ्यांची संसद भरवून सार्वजनिक प्रश्नांवर रीतसर चर्चा करण्याची प्रथाही या महाविद्यालयात रूढ झाली. उद्या ज्यांना अधिसभेत, विधानसभेत किंवा ग्रामपंचायतीत बोलायचे आहे, त्यांना सभेचे नियम आजच कळले पाहिजेत, हे त्यामागचे शिक्षण होय.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यापूर्वी त्याचा बहुतांश भाग औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात होता. निजामाच्या राजवटीत मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. उस्मानिया विद्यापीठ हैदराबादेस, तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. जालन्याच्या स्थानकावरून हैदराबादची गाडी सुटत होती. पण शेतमजुराच्या मुलाला तिचे तिकीट परवडत नव्हते, आणि परवडले तरी पुढे राहायचे कोठे हा प्रश्न होता. अशा वेळी जून १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. म. भि. चिटणीस हे त्याचे पहिले प्राचार्य. भोकरदन, अंबड, परतूर, जाफराबाद या भागांतील मुलांना महाविद्यालय प्रथमच आवाक्यात आल्यासारखे वाटले.

या महाविद्यालयास मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. राजा मिलिंद विद्वान आणि वादपटू होता. भिक्खू नागसेन यांच्याशी त्याने प्रदीर्घ प्रश्नोत्तरे केली, आणि समाधान झाल्यावर आपला पराभव मोकळेपणाने मान्य केला. विद्यार्थ्याने निर्भयपणे प्रश्न विचारावेत, गुरूने न रागावता उत्तरे द्यावीत, आणि सत्य पटले की सत्ता व प्रतिष्ठा बाजूला ठेवून ते स्वीकारावे, हा बौद्धिक प्रामाणिकपणा बाबासाहेबांना या नावातून सुचवायचा होता. लंडनच्या प्राध्यापक कॅनन यांनी असहमत शिष्याच्या ग्रंथाला लिहिलेली प्रस्तावना आणि नागसेनवनातील हे नाव यांत आम्हांस एकच परंपरा दिसते. आपल्या भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. तेथील दानशूर उपासकांची नावे दूरच्या सांची स्तूपावर कोरलेली आहेत. ज्या भूमीने दोन हजार वर्षांपूर्वी धम्माला दान दिले, तिच्या मुलांना नागसेनाच्या नावाने विद्येचे दान परत मिळाले, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

१२ जानेवारी १९५३ रोजी उस्मानिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय डी.लिट. पदवी दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी अस्तित्वात आले, ते त्यांना पाहता आले नाही. त्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या वर्षांत आपल्या वस्त्यांनी काय सोसले, हे या स्मरणिकेच्या ज्येष्ठ वाचकांना आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही.

नाव मिळाले, आता त्या नावामागचा विचार सांभाळण्याची जबाबदारी आपली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाच्या अधिसभेत शिक्षकांचे निर्वाचित प्रतिनिधी असतात, तसेच नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्यही असतात. त्यांतील काही जागा राखीव आहेत. १९२७ साली बाबासाहेबांपुढे अडचण होती ती आपल्या समाजात पदवीधरच नसल्याची. आज पदवीधर घरोघरी आहेत. पण पदवी भिंतीवर टांगली जाते आणि पदवीधर म्हणून नाव नोंदवण्याचे राहून जाते. जी जागा मागण्यासाठी त्यांना विधिमंडळात झगडावे लागले, ती केवळ आपल्या आळसामुळे रिकामी सोडणे त्यांच्या अनुयायांस शोभत नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांनी पदवीधर म्हणून नोंदणी करावी, मतदान करावे, आणि जे प्राध्यापक झाले आहेत त्यांनी अभ्यास मंडळे व विद्या परिषद यांच्या कामात रस घ्यावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

दुसरे काम त्याहून सोपे, पण रोजचे आहे. दरवर्षी येथून बारावी होऊन बाहेर पडणारी मुले कोणती शाखा घ्यावी, शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे भरावा, जातवैधता प्रमाणपत्र वेळेत कसे मिळवावे, प्राध्यापकाशी मतभेद झाला तर काय करावे, या साध्या प्रश्नांपाशी अडखळतात. आईवडील त्यांना धीर देऊ शकतात. वाट दाखवू शकेलच असे नाही. ती वाट आधी चालून गेलेल्यांनी मागून येणाऱ्यांना दाखवायची असते. केळुसकर गुरुजींवर बागेतल्या त्या मुलाची कोणतीही जबाबदारी नव्हती. आपल्यावर मात्र या मुलांची जबाबदारी निश्चितच आहे. प्रत्येक माजी विद्यार्थ्याने येथील एका मुलाचा किंवा मुलीचा हात पदवी मिळेपर्यंत धरला, तर प्राध्यापक आणि प्राचार्य बाबासाहेबांना केलेले ते खरे अभिवादन ठरेल.